हललेल्यांचा डबा

शंकरप्पा तोडकरींचा चार हजार दोनशे रुपयांचा फिल्टर मी पाइप पान्यात धरून फोडला. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी या माणसाला बरीच नावं ठेवणार आहे, आणि ती वाचताना कुणाला असं वाटायला नको की ठेवणारा धुतल्या तांदळाचा आहे.

आमचं नेकनूरला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके, शटरची दुरुस्ती. मी बीडला भूगोल घेऊन बीए केलं आणि आता लोकांच्या गेटवर मोर वेल्ड करतो. मोर जमतो, भूगोल राहिला. तर सप्टेंबरातल्या एका दुपारी अप्पा दुकानात आले ते दोन्ही हातांत कॅमेऱ्याची लेन्स धरून, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणावं तशी. लेन्सच्या तोंडावर काळ्या काचेची गोल चकती होती. ती आट्यांवर फिरवून बसवायची असते. यांनी ती वाकडी फिरवली होती आणि आटे एकमेकांना चावून बसले होते.

"बे सुग्र्या, ही निघंना. जरा हलक्या हातानं काढून दे."

हलका हात आमच्या दुकानात कुणाचाच नाही. आमच्याकडं अडकलेल्या वस्तूवर दोनच इलाज असतात, हातोडा आणि पाइप पाना. अप्पांना तिसरा अपेक्षित होता, तर त्यांनी सोनाराकडं जायला हवं होतं. मी आपला चकतीभोवती फडकं गुंडाळलं, पाना लावला आणि अगदी हलक्या हातानं, म्हणजे आमच्या हिशेबानं हलक्या, एक हिसका दिला. कट् असा आवाज आला. कडी निघाली. काच तिच्यात नव्हती, ती तीन तुकडे होऊन अप्पांच्या चपलेवर पडली होती.

अप्पा बराच वेळ चपलेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "निघाली म्हणायची."

आता हा फिल्टर म्हणजे काय ते सांगतो. कॅमेऱ्याला घालायचा काळा गॉगल. त्यातून उजेड इतका थोडा आत जातो की फोटो काढायला डोळ्याची पापणी लवायचा वेळ पुरत नाही, पंधरा-सोळा सेकंद कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात खडक जागचा हलत नाही म्हणून तो नीट उमटतो. पाणी मात्र धावत असतं. ते एकावर एक असं हजार वेळा उमटतं आणि फोटोत त्याचं दूध होतं, नाहीतर कापूस. हल्ली मोबाइलवर सकाळी सकाळी जे सुविचार येतात त्यांच्या मागं असतो तसला धबधबा.

या असल्या धबधब्यांचा अप्पांना मनस्वी तिटकारा. "पाण्याचं दूध करायला मी काय डेअरी चालवतो का?" असं ते म्हणायचे. पण अप्पांना तिटकारा कशाचा नव्हता ते सांगणं सोपं जाईल. मोबाइलनं फोटो काढणाऱ्यांना ते 'टचवाले' म्हणत. ड्रोनला 'डास'. लग्नाआधी शेतातून पळत पळत फोटो काढून घेणारी जोडपी त्यांच्या काचेसमोरून गेली की म्हणत, "आत्ताच एवढी पळायलेत, लग्नानंतर कुठवर जातेल?" गिऱ्हाइकाशी बोलताना तर त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असे की हे तोंड घेऊन तू माझ्याकडं आलासच कसा.

खताच्या दुकानाच्या वर, लोखंडी जिन्यानं चढून गेलं की त्यांचा स्टुडिओ. जिना आमच्याच दुकानाचा आहे, तिसरी पायरी सैल आहे, ती माझ्या काकानं केलेली आहे. आत एक स्टूल, मागं निळा पडदा, आणि अप्पा. बत्तीस वर्षं त्या स्टुलावर माणूस बसवायचा, हनुवटी दोन बोटांनी वर करायची आणि कॅमेऱ्यामागं जाऊन ओरडायचं, "हलू नका!" ते ओरडणं असं की बसलेला माणूस गुन्हा कबूल करील. आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या पासबुकांवरची, सातवी-दहावीच्या हॉल तिकिटांवरची तोंडं एकसारखी घाबरलेली का, त्याचं कारण हे.

रिळाच्या जमान्यात एका माणसाचा एकच फोटो. हलला की गेला. अप्पा दुसरा काढत नसत. "मी सांगितलं होतं हलू नका. तुमी हललात. आता त्याला मी काय करू?" असा न्याय. आणि हे हललेले फोटो ते फेकतही नसत. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात ठेवत. झाकणावर खिळ्यानं कोरलेलं, 'हललेले'. लहानपणी मी तो एकदा बघितला होता. दोन नाकांचा फौजदार. मुंडावळ्या स्थिर आणि तोंडाच्या जागी नुसता धूर असा नवरदेव. चार हातांचं बाळ. माणसाच्या फजितीचा असा साठा करून ठेवणाऱ्याबद्दल कुणाला आदर वाटत असेल तर वाटो.

दुसरं त्यांचं काम म्हणजे मेलेल्यांना बसवणं. कुणाचा आजा वारला की घरात त्याचा फोटो नसायचा. असायचा तो एखाद्या जत्रेतला, फेट्याखाली अर्धं तोंड. अप्पा ते तोंड कापून घ्यायचे, त्याला कोट घालायचे, खुर्चीवर बसवायचे, मागं गुलाबाची बाग लावायचे. जन्मभर ज्यानं कोट बघितला नाही तो भिंतीवर वकिलासारखा बसायचा. या कामात अप्पांचा हात कुणी धरत नव्हतं. तेव्हा त्यांना पाण्याचं दूध चालत नव्हतं, पण शेळ्या राखणाऱ्याचा वकील चालत होता, हे माझ्या ध्यानात आलं होतं. तसं मी एकदा म्हणालोही. त्यावर अप्पा म्हणाले, "मेलेला मानूस तक्रार घेऊन येत न्हाई."

आणि तिसरं, ज्याच्यावर त्यांचा सगळा तोरा उभा होता, ते म्हणजे कॅलेंडर. आमच्या गावच्या पतसंस्थेचं कॅलेंडर दर वर्षी घरोघर जातं. वर फोटो, खाली तारखा. सलग एकोणीस वर्षं वरचा फोटो शंकरप्पा तोडकरींचा. आणि एकोणीस वर्षं एकच, कपिलधारचा धबधबा. तोच खडक, तोच कोन, तेच पाणी. तारखा तरी बदलायच्या, अप्पांचा फोटो तेवढाही कष्ट घ्यायचा नाही. पण कोपऱ्यात बारीक अक्षरात 'छाया : शं. सि. तोडकरी' असायचं, आणि ती सगळी कॅलेंडरं त्यांनी स्टुडिओत एका खिळ्यावर एकावर एक अशी टांगली होती. गिऱ्हाईक रंगाविषयी काही बोललं की अप्पा नुसतं त्या खिळ्याकडं बोट करायचे. त्यांची सगळी पदवी, पुरस्कार, पेन्शन तो खिळा होता.

या वर्षी संस्थेचे चेअरमन बबनराव जिना चढून वर आले. तिसऱ्या पायरीवर अडखळले, त्यामुळं आल्या आल्या मूड बरा नव्हता. बबनराव म्हणजे शंभरेक एकरांचे धनी, दोन पांढऱ्या गाड्या, आणि येत्या उन्हाळ्यात संचालक मंडळाची निवडणूक. त्यांनी मोबाइल पुढं केला. त्यात कापसाचा धबधबा.

"शंकरप्पा, औंदा असं पायजे."

"हे पाणी न्हाई, साहेब. हे गादीचं दुकान हाय."

"लोकांना आवडतंय. आन् खाली मी पायजे. हात जोडून. जमत नसंल तर तसं सांगा, माझ्या भाच्याचा दोस्त हाय पुण्याला."

एकोणीस वर्षांचा खिळा पुण्याच्या कुण्या भाच्याच्या दोस्तानं उपटून न्यायचा, हे अप्पांना सोसणारं नव्हतं. ज्या गोष्टीला आयुष्यभर थुंकले तिच्यासाठी त्यांनी कुरिअरनं फिल्टर मागवला. आणि मग आठवडाभर हा माणूस ग्रामपंचायतीच्या गळक्या व्हॉल्व्हसमोर तिपाई लावून बसलेला गावानं बघितला. गावाला वाटलं गळतीची तक्रार करायलेत. सरपंचाचा माणूस येऊन 'करतो दुरुस्त, अप्पा, फोटो नका काढू' असं विनवून गेला. तो फोटो मी बघितलाय. व्हॉल्व्ह असा दिसतो की तिथं एखाद्या नदीचा उगम आहे आणि खाली देऊळ बांधायला हवं.

अशा रीतीनं हात बसला, सोळा सेकंदाचा हिशेब पक्का झाला. फोटो काढायला जायच्या आदल्या दिवशी चकती अडकली, ती घेऊन अप्पा आमच्या दुकानात आले, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

"दुसरा मागवू," मी म्हणालो. "पैसे मी भरतो."

"यायला सहा दिवस लागतेत. चेअरमन उद्या सकाळी यायलेत तिथं. तुझे पैसे काय पाण्यात सोडू?"

तेवढ्यात बापानं शेजारी वेल्डिंग सुरू केलं. अप्पांनी डोळ्यांवर हात घेतला. मग हात काढला आणि बापाच्या तोंडावरच्या मुखवट्याकडं बघत राहिले. त्या मुखवट्याला समोर एक चौकोनी काळी काच असते. तिच्यातून वेल्डिंगचा लखलखाट बघता येतो आणि बाकी जगातलं काहीच दिसत नाही.

"ती काच किती नंबरची?"

"दहा."

"काढ."

बापानं कुरकुर केली, पण मी त्याला फुटलेले तीन तुकडे दाखवले तेव्हा त्यानं मुकाट्यानं काच काढून दिली. "उद्या संध्याकाळपतुर परत पायजे," एवढंच म्हणाला. त्यामुळं दुसऱ्या दिवशी मला अप्पांबरोबर जावं लागलं. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, बापाची काच परत आणायला कुणीतरी हवं होतं.

सकाळी मांजरसुंब्यावरून आम्ही कपिलधारला उतरलो. दरीत अजून ऊन पोचलं नव्हतं. पाणी औंदा बरं होतं, पण फार नाही. वरून खाली येताना दोनदा विचार करत होतं. अप्पांनी तीच ती जागा धरली. त्या जागेवर खडकात त्यांच्या तिपाईचे तीन खळगे पडलेत असं ते सांगतात. मला दोनच दिसले.

काळ्या काचेतून काही दिसत नाही, म्हणून आधी काच न लावता सगळं जुळवून घ्यायचं, मग काच लावायची, आणि मग कशालाही धक्का लावायचा नाही. अप्पांनी काच लेन्सवर ठेवली, चार रबरबँड आडवेउभे ताणले, फटीतून उजेड शिरू नये म्हणून वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली. कॅमेरा भांडणात मार खाऊन दवाखान्यातून आल्यासारखा दिसायला लागला. तिपाई डुलू नये म्हणून खाली पिशवी बांधून तिच्यात दगड भरले. दगड मी भरले. त्याबद्दल धन्यवाद मिळाले नाहीत.

"किती सेकंद ठेवायचं?" मी विचारलं.

"सेकंद?" अप्पा हसले. चांगलं हसले नाहीत. "काल ऊन कलायच्या आत व्हॉल्व्हवर करून बघितलं. त्या फिल्टरला सोळा सेकंद. तुझ्या बापाच्या काचेला अडीच मिनिटं."

साडेनवाला बबनराव आले. पांढरा कुडता, पांढरा पायजमा, मागं आठ-दहा माणसं. धबधब्याच्या पायथ्याशी खालच्या पायरीवर बसम्मा नावाची म्हातारी बेल-नारळाची टोपली घेऊन बसते, कित्येक वर्षं बसते. बबनरावांच्या माणसांनी तिला उठवायला सुरुवात केली.

"राहूंद्या तिला," अप्पा तिपाईमागून म्हणाले. "खडक समजा."

"खडक तुजा बाप," बसम्मा म्हणाली, आणि बसून राहिली.

वेल्डिंगच्या काचेतून सगळं हिरवं येतं, शेवाळलेल्या हौदासारखं. तो हिरवा उतरवायचा तर त्याच काचेतून कॅमेऱ्याला एखादी पांढरी वस्तू दाखवून सांगावं लागतं की बाबा, याला पांढरं म्हणतात. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं.

"चेअरमनसाहेब, जरा जवळ या. आनखी. छाती म्होरं करा."

बबनरावांना वाटलं आपला जवळून फोटो निघतोय. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. अप्पांनी नुसता कुडता घेतला आणि पुटपुटले, "चला, एवढा तरी उपयोग झाला."

मग बबनराव पाण्याच्या कडेला जाऊन हात जोडून उभे राहिले.

"अडीच मिनिटं हलायचं न्हाई," अप्पा म्हणाले.

"अडीच मिनिटं? आवो, श्रद्धांजलीच्या सभेत दोन मिनिटं म्हणतेत आन् चाळीस सेकंदात बसवतेत."

"तिथं मेलेला बघत नसतोय. हितं कॅमेरा बघतोय."

आणि अप्पांनी छाती भरून घेतली आणि बत्तीस वर्षांचा तो आवाज काढला, "हलू नका!" दरीत तो वर गेला आणि परत आला. एक माकड हातातलं केळ टाकून पळालं. मी मोबाइलवर वेळ लावली.

बबनराव अकरा सेकंद उभे राहिले. हे मी मोजलंय, कुणी निवडणुकीत वापरायचं तर वापरा. अकराव्या सेकंदाला त्यांचा फोन वाजला. 'मी फोटोत हाय' असं सांगायला त्यांनी तो उचलला, पण पलीकडं कुणी महत्त्वाचं होतं, आणि दरीत रेंज नाही, म्हणून ते पायऱ्या चढून वर गेले. मागं त्यांची माणसं गेली. वाटेत भेटलेल्या दोघातिघांनी वाकून त्यांचे पाय धरले. खालून त्यांचं नुसतं 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होतं. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं. मला वाटलं आता बंद करतील, पुन्हा घेतील. नाही केलं. पाणी पडत होतं आणि हा माणूस तिपाईशेजारी स्वतःच पुतळ्यासारखा उभा. शेवटच्या वीस सेकंदांत बबनराव धावत आले आणि जणू मधे काही झालंच नाही असे हात जोडून उभे राहिले.

कट् असा आवाज आला. या वेळी तो मी केलेला नव्हता.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला तेव्हा मी अप्पांच्या खांद्यावरून बघत होतो. मला फोटोतलं कळत नाही, मला मोरातलं कळतं. पण हा फोटो मलाही कळला. काळाभोर खडक, ओला. त्यावरून पाणी नव्हे, कुणीतरी पांढरं लुगडं वाळत घातलेलं. आणि खालच्या पायरीवर बसम्मा. टोपलीतलं बेलाचं पान न् पान मोजावं, तिच्या कपाळावरची विभूती दिसावी, इतकी स्वच्छ. अडीच मिनिटं ती म्हातारी श्वासाशिवाय दुसरं काही हलली नव्हती. एकोणीस वर्षांच्या त्याच त्या धबधब्याला पहिल्यांदा कुणीतरी भेटलं होतं.

बबनराव जवळ आले. "बघू. बघू की." त्यांनी बघितलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "मी कुठंय?"

अप्पांनी नखानं पाण्याच्या कडेला दाखवलं. तिथं धुपाचा धूर विरताना दिसावा तसा एक पांढुरका डाग होता.

"हे काय हे?"

"हे तुमी. तुमी हललात."

"आन् ही म्हातारी कावून आली?"

"ती हलली न्हाई."

मागच्या माणसांतला एक फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. बबनरावांनी परत घ्या म्हटलं. पण तोवर ऊन खडकावर उतरलं होतं, पाणी कसं झगझगत होतं, आणि बबनरावांना अकराला गेवराईला कुणाचंतरी उद्घाटन होतं. मी मधे पडलो. मधे पडायचं मला काही कारण नव्हतं, फक्त तीन तुकडे आठवत होते. मी म्हणालो, "अप्पा, काच काढा, साहेबांचा एक साधा फोटो घ्या. जोडून टाका कॉम्प्युटरवर. तुमाला काय अवघड हाय?"

"तेच म्हनतोय मी," बबनराव म्हणाले. "लोकांच्या आज्याला कोट घालून बसवता की तुमी. तसं मला बसवा. दोन दिवसांत छापायला द्यायचंय. कॅलेंडर तुमचंच हाय, शंकरप्पा. एवढं करा."

इथं कुणीही शहाणा माणूस हो म्हणतो. मीही म्हणालो असतो, शिवाय साहेबांना जरा सडपातळ केलं असतं. खिळ्यावरचं विसावं कॅलेंडर एका होकारावर होतं. अप्पांनी रबरबँड एकेक करून काढले, मनगटात घातले. काच पुसली, खिशात ठेवली. मग म्हणाले,

"साहेब, मी मेलेल्यांना बसवतो. जित्यांना न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे वेळ आल्यावर या. फुकट बसवीन. कोटासहित."

बबनराव पायऱ्या चढायला लागले. आठ-दहा माणसं मागं. वर गाड्यांची दारं आपटल्याचा आवाज आला. बसम्मानं तेवढ्यात टोपली सावरली आणि अप्पांना विचारलं, "आता हलू का?"

"बसली होतीस कशाला एवढी गप?" मी म्हणालो. "तुला कोण म्हणत होतं?"

"ह्योच म्हनला की हलू नका. मागच्या टायमाला म्या हलली होती, तवा लई बोलला होता ह्यो मानूस. तरणी होती म्या. रडली होती."

अप्पांनी तिच्याकडं निरखून बघितलं. त्यांना ती ओळखू आली नाही, हे स्पष्ट दिसत होतं. बत्तीस वर्षांत ज्यांना ज्यांना रडवलं त्यांना ओळखत बसले असते तर धंदा कधी केला असता?

परतताना गाडीवर मी त्यांना खूप बोललो. म्हणालो, अप्पा, तुमी स्वतःला समजता कोण? नेकनूरच्या जिन्यावरचा पासपोर्टवाला. एक वाक्य गिळलं असतं तर काय पोट दुखलं असतं? अप्पा मागं तिपाई मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "सोळा सेकंद असते ना, तर तो उभा राहिला असता बे. अकरा राहिलाच होता. आनखी पाच दम काढला असता." मी गाडीचा वेग वाढवला.

दिवाळीनंतर कॅलेंडर आलं. वर धबधबा होता, कापसाचा, कुठून तरी उतरवलेला. कपिलधारचा तर नव्हताच, दोन्ही बाजूंना केळी आणि माड होते. पायथ्याशी बबनराव हात जोडून उभे. त्यांचे पाय पाण्यापासून चार बोटं वर. कोपऱ्यात कुणाचंच नाव नव्हतं. आमच्याही दुकानात एक आलं. बापानं तारखा बघून ते टांगलं, म्हणाला, "तारखा बरोबर हायत."

अप्पांचा खिळा एकोणीसवरच थांबला. त्यांनी दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला तेव्हा निळ्या पडद्याशेजारी कपिलधारचा तो फोटो चौकटीत लावलेला होता. गिऱ्हाईक विचारायचं, "अप्पा, ह्या वर्षी कॅलेंडरला तुमचा फोटो न्हाई?" अप्पा म्हणायचे, "हनुवटी वर करा. हलू नका." पहिल्यापेक्षा जास्त मोठ्यानं.

एका बाजारच्या दिवशी बसम्मा आली. नारळाचं पोतं न्यायला आली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून जिना चढली. मी त्या वेळी तिसरी पायरी बसवत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ही म्या व्हय?"

"मग कोण?"

"लईच म्हातारी झाले की."

"काच वेल्डिंगची हाय," अप्पा म्हणाले. "जरा जास्तच दिसतंय."

मग आत पत्र्याचा आवाज झाला. डबा उघडला गेला होता. मी पाना हातात घेऊन वर डोकावलो. अप्पा जमिनीवर बसून हललेल्यांचे गठ्ठे सोडत होते, फौजदार, नवरदेव, बाळं. बसम्मा कमरेवर हात ठेवून वरून बघत होती आणि मधेच एखाद्याला ओळखून हसत होती. शेवटी तिनंच बोट ठेवलं. पिवळा पडलेला फोटो. निळ्या पडद्यापुढं एक पटकेवाला माणूस ताठ बसलेला, अगदी स्वच्छ. शेजारी लुगड्याचे काठ नीट, बांगड्या नीट, आणि वर तोंडाच्या जागी नुसता पुसट गोळा.

"मालक चांगले आलेत," बसम्मा म्हणाली.

"ते हलले न्हाईत."

"त्यांस्नी शिंक आलती. त्यांनी दाबली. म्या हसली."

अप्पांनी तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून तिला दिला. वरून आणखी कपिलधारचा एक छोटा फोटो ठेवला. तिनं एक नारळ काढून स्टुलावर ठेवला, तो स्टुलावर डुगडुगला, अप्पा सवयीनं ओरडले, "हलू नको!" आणि मग दोघंही हसायला लागली. अप्पांचे दात पुढं आलेले आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. हसणं त्यांना शोभत नाही, हे मी इथं नमूद करतो.

बबनरावांचा फोटो या डब्यात का नाही, असं मी नंतर विचारलं. अप्पा म्हणाले, "डब्यातल्यांना निदान नाक तरी हाय."

राहिला फिल्टर. मी दिवाळीला आणून देतो म्हणालो होतो. दिवाळीला गेटची कामं फार होती. संक्रांतीला म्हणालो होतो, संक्रांतीला मोटर जळाली. आता पाडवा येतोय. इकडं बाप रोज मला विचारतो, माझी काच कुठंय? एक दिवसासाठी दिली होती, सहा महिने होत आले. नवी घेतली त्यानं, पण जुनी त्याच्या डोक्यातून जात नाही.

परवा मी वर गेलो. तिसरी पायरी पुन्हा सैल झाली आहे. काच मागितली. अप्पांनी ड्रॉवर उघडला, काच दाखवली, चार रबरबँड तिच्याभोवती गुंडाळून ठेवले होते, आणि ड्रॉवर लावून घेतला.

"फिल्टर आन. काच ने."

मी म्हटलं, आणतो की, पाडव्यापर्यंत नक्की.

"बस तिथं स्टुलावर," अप्पा म्हणाले. "तुझा फोटो काढून ठेवतो. देनेकऱ्यांचा न्यारा डबा करायचा म्हनतोय."

मी बसलो नाही.